नवी मोटरसायकल : सर्व्हिसिंग डीलरकडे की घरी?

आपल्या मंडळात मोटरसायकल चालवणाऱ्या सभासदांची संख्या हळूहळू वाढते आहे, आणि कार्यक्रमाच्या वेळी जेवणाच्या रांगेत एक प्रश्न हमखास कानावर पडतो : "नव्या गाडीचे ऑइल घरी बदलले तर वॉरंटी जाते का हो?" उत्तर देणारे पुष्कळ असतात आणि बहुतेकांचे उत्तर "जाते" असेच असते. हे उत्तर चुकीचे आहे. पण नुसते "जात नाही" एवढे ऐकून पान्हा हातात घेणेही शहाणपणाचे नाही. म्हणून या विषयाची जरा व्यवस्थित उजळणी करावी असे वाटले. आरोग्य व अर्थ या सदरात मोटरसायकल कशाला, असे काही वाचकांच्या मनात येईल. त्यांना एवढेच सांगतो, की प्रश्न शेकडो डॉलरांचा आहे आणि दोन चाकांवर बसणाऱ्याच्या हाडांचाही आहे. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मी वकील नाही, प्रोग्रॅमर आहे. खाली दिलेली कायद्याची माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे.

"जाते" ही समजूत आपण बरोबर घेऊन आलो आहोत, असे मला वाटते. भारतात नवी दुचाकी घेतली की पुस्तिकेबरोबर फ्री सर्व्हिसिंगची कुपने मिळतात. ठरलेल्या दिवसांत किंवा ठरलेल्या किलोमीटरच्या आत अधिकृत केंद्रात गाडी न्यायची, कुपन फाडून घ्यायचे, शिक्का मारून आणायचा. सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रातच झाली पाहिजे अशी वॉरंटीची अटही असते. एक जरी शिक्का राहिला तरी वडील ओरडायचे, आणि ते बरोबरच होते. आता गंमत अशी, की केटीएमची ३९० ड्यूक किंवा ट्रायम्फची स्पीड ४०० या पुण्याजवळच्या चाकणला, बजाजच्या कारखान्यात तयार होणाऱ्या गाड्या इथेही विकल्या जातात. रॉयल एनफील्डही चेन्नईहून येते. गाडी तीच, पण तिच्या वॉरंटीला लागू होणारा कायदा मात्र इथला. शिवाय इथे पहिली सर्व्हिसिंग बहुधा फुकट नसते. तिचे बिल हातात पडते तेव्हा कुपनांची किंमत कळते.

इथला कायदा म्हणजे १९७५ चा मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायदा. नाव लांबलचक असले तरी आपल्या कामाचा भाग थोडा आहे. कंपनीने लेखी वॉरंटी दिली असेल, तर "आमच्याच डीलरकडे पैसे देऊन सर्व्हिसिंग करा" किंवा "आमच्याच नावाचा फिल्टर वापरा, नाहीतर वॉरंटी रद्द" अशी अट कंपनीला घालता येत नाही. ज्या कंपनीने ती सेवा किंवा तो भाग फुकट देऊ केला असेल, किंवा फेडरल ट्रेड कमिशनकडून खास सूट मिळवली असेल, तिचाच काय तो अपवाद. याच कायद्यानुसार १५ डॉलरपेक्षा जास्त किमतीच्या वस्तूची लेखी वॉरंटी खरेदीपूर्वी वाचायला मिळण्याचा ग्राहकाला हक्क आहे. शोरूममध्ये हेल्मेटचे रंग पाहण्यात तासभर जातो. त्यातली दहा मिनिटे वॉरंटीच्या पुस्तिकेला द्यायला हरकत नाही.

कायदा असला तरी तो पाळला जातोच असे नाही. जून २०२२ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने खुद्द हार्ले-डेव्हिडसनवर कारवाई केली. बाहेरचे सुटे भाग किंवा बाहेरची दुरुस्ती केल्यास वॉरंटी जाईल अशा अर्थाच्या अटी ग्राहकांना घातल्या, असा आरोप होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आदेश पक्का झाला, आणि बाहेर दुरुस्ती केल्याने किंवा दुसऱ्याचे सुटे भाग वापरल्याने ही वॉरंटी रद्द होणार नाही, असे वॉरंटीतच स्पष्ट लिहिणे कंपनीला भाग पडले. एवढ्या मोठ्या कंपनीच्या बाबतीत हे घडते, तर गावातल्या डीलरच्या काउंटरवरचा मनुष्य छातीठोकपणे "वॉरंटी जाईल" म्हणतो यात नवल नाही. बऱ्याचदा तो खोटे बोलत नसतो, त्यालाही तसेच सांगितलेले असते.

आणखी एक जागा दाखवतो, ती सहसा कोणी वाचत नाही. नव्या मोटरसायकलच्या मॅन्युअलमध्ये देखभालीच्या प्रकरणाशेजारी प्रदूषण-नियंत्रणाविषयी एक छोटा परिच्छेद असतो. प्रदूषण-नियंत्रक भागांची देखभाल व दुरुस्ती कोणतेही दुरुस्ती केंद्र किंवा कोणतीही व्यक्ती करू शकते, अशा आशयाचे वाक्य त्यात असते. ही प्रदूषणाची वॉरंटी नेहमीच्या वॉरंटीपेक्षा वेगळी आहे. २८० सीसी आणि त्याहून मोठ्या इंजिनांना ती ५ वर्षे किंवा ३०,००० किलोमीटर, म्हणजे सुमारे १८,६०० मैल, यांपैकी जे आधी होईल तोवर चालते. कंपनीची १ किंवा २ वर्षांची वॉरंटी संपली म्हणून इंधन-प्रणालीतला दोष खिशातून दुरुस्त करण्यापूर्वी हे पान जरूर उघडावे.

आता नाण्याची दुसरी बाजू. सर्व्हिसिंग कोणी करायची हे कंपनी ठरवू शकत नसली, तरी सर्व्हिसिंग झालीच पाहिजे ही अट ती घालू शकते आणि घालतेच. वेळापत्रकाप्रमाणे ऑइल बदललेच नाही आणि इंजिन गेले, तर कोणताही कायदा आपल्या मदतीला येणार नाही. तसेच आपण केलेल्या कामामुळे किंवा बसवलेल्या भागामुळेच बिघाड झाला हे कंपनी दाखवू शकली, तर त्या बिघाडापुरती ती जबाबदारी नाकारू शकते. "त्या बिघाडापुरती" हे शब्द महत्त्वाचे आहेत. ऑइल घरी बदलले म्हणून हेडलाइटची वॉरंटी जात नाही. पण ऑइल चुकीचे घातले आणि क्लच घसरू लागला, तर क्लचचा खर्च आपलाच.

म्हणजे सगळा प्रश्न पुराव्यावर येऊन ठेपतो. डीलरकडे सर्व्हिसिंग केल्यावर आपण पैसे मोजतो त्यात अर्धे काम असते आणि अर्धा तो छापील कागद असतो. घरी काम करणाऱ्याने तो कागद स्वतः तयार करायला हवा. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांच्या नव्या गाडीच्या पुढच्या फोर्कमधून ऑइल झिरपू लागले. डीलरच्या काउंटरवरून उत्तर मिळाले, "पहिली सर्व्हिसिंग आमच्याकडे झालेली नाही, वॉरंटी लागू नाही." गृहस्थ शांत स्वभावाचे. त्यांनी वाद घातला नाही. एवढेच म्हणाले, "वॉरंटीच्या कोणत्या कलमाखाली नाकारता आहात ते कृपया लिहून द्या." तेवढ्याने काउंटरवरचा सूर बदलला. त्यांनी कंपनीच्या ग्राहक विभागाला फोन केला, सर्व्हिसिंगच्या नोंदी आणि बिले पाठवली, आणि आठवड्याभरात दोन्ही सील फुकट बदलून मिळाले. नोंदी नसत्या तर इतक्या लवकर निकाल लागला असता असे मला वाटत नाही. कायदा तोच राहिला असता, पण महिने गेले असते.

नोंद कशी ठेवावी? तारीख, ओडोमीटरवरचे मैल, काय काम केले, कोणते ऑइल व किती, फिल्टरचा पार्ट नंबर. मॅन्युअलच्या शेवटी यासाठी तक्ता छापलेला असतो, त्यातच लिहावे. बिले जपावीत. दुकानातली चकचकीत कागदावरची बिले वर्षभरात पुसट होतात, म्हणून आणल्या दिवशीच त्यांचा फोटो काढून ठेवावा. ओडोमीटर आणि नवा फिल्टर एकाच फोटोत आले तर उत्तमच. एक युक्ती सुचवतो : फिल्टर आणि ऑइलच्या बोल्टाचा वायसर डीलरच्या पार्ट्स काउंटरवरूनच, स्वतःच्या नावाने बिल करून घ्यावेत. चार डॉलर जास्त पडतील, पण भाग कंपनीचा आणि कागद डीलरचा, त्यावर वाद घालायला जागा राहत नाही. आणि दोन वर्षांच्या नोंदी एकाच संध्याकाळी एकाच पेनाने लिहू नयेत. ते लगेच ओळखू येते! आमच्या धंद्यात कोडमध्ये केलेला बदल त्याच दिवशी नोंदवावा लागतो. इथेही तोच नियम लावावा.

आता कोणते काम घरी आणि कोणते डीलरकडे, याबद्दल माझे मत सांगतो.

पहिली सर्व्हिसिंग, जी बहुतेक गाड्यांची ५०० ते ६०० मैलांच्या सुमारास येते, ती डीलरकडेच करावी. कायद्याची सक्ती नाही, तरीही. नव्या इंजिनाचे भाग एकमेकांवर घासून बसत असतात. त्याचा बारीक धातूचा चुरा ऑइलमध्ये उतरतो, म्हणून हे पहिले ऑइल इतक्या लवकर बदलायचे. त्याच वेळी चेन ताणते, क्लचची केबल सैल होते, ठिकठिकाणचे बोल्ट तपासावे लागतात. डीलरचा मेकॅनिक त्या मॉडेलच्या वीस-पंचवीस गाड्या पाहिलेला असतो. कुठे काय सैल होते हे त्याच्या हाताला माहीत असते. जोडणीतली काही चूक राहिली असेल तर ती याच वेळी, त्यांच्याच नजरेसमोर उघडी पडलेली बरी. शिवाय कंपनीकडून आलेले कॉम्प्युटरचे अपडेट आणि रिकॉल तेव्हाच पाहिले जातात. रिकॉलचे काम अधिकृत डीलरच करतो आणि ते फुकट असते. आधीची सर्व्हिसिंग घरी झाली होती की बाहेर, याचा त्याच्याशी संबंध नाही. गाडीचा व्हिन नंबर राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर घातला, की रिकॉल बाकी आहे का ते घरबसल्या कळते.

त्यानंतरचे वार्षिक ऑइल-फिल्टर आणि चेनची निगा मात्र घरी करण्यासारखी आहे, पण काही गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवून.

पहिली गोष्ट ऑइलची. गॅरेजमध्ये कारच्या ऑइलचा डबा उरलेला असतो आणि मोह होतो. बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच तिन्ही एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. कारच्या इंधन वाचवणाऱ्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात. क्लचचे तर सगळे काम घर्षणावरच चालते, त्यामुळे तो घसरू लागतो. यासाठी जपानमध्ये १९९८ साली खास मोटरसायकलच्या ऑइलचे मानक तयार झाले. डब्यावर "जासो एमए", "एमए१" किंवा "एमए२" असा शिक्का असतो. तो आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेला दाटपणा, दोन्ही जुळले पाहिजेत. वॉरंटीच्या भांडणात डब्याचा फोटो उपयोगी पडतो तो याचसाठी.

दुसरी गोष्ट टॉर्क रेंचची. इंजिनाचे खालचे कवच ॲल्युमिनियमचे असते आणि बोल्ट पोलादी. आपला हात "अजून थोडे" म्हणत राहतो आणि आटे जातात. ऑइलच्या बोल्टाला साधारण २० ते ३० न्यूटन-मीटर पुरते, मागच्या आसाच्या नटाला त्याच्या तीन-चार पट लागते. नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्यावा. एकच रेंच दोन्हीकडे नीट चालत नाही, एक लहान आणि एक मोठा असे दोन घ्यावेत. गेलेले आटे हे आपले नुकसान. त्यासाठी वॉरंटी मागायला जाऊ नये.

तिसरी गोष्ट, जुन्या फिल्टरचे रबरी कडे कधी कधी इंजिनालाच चिकटून राहते. ते न काढता नवा फिल्टर बसवला तर दोन कडी एकावर एक बसतात आणि दाबाखाली ऑइल बाहेर येते. कारखाली असे झाले तर ड्राइव्हवेवर डाग पडतो. मोटरसायकलचे तेच ऑइल मागच्या टायरवर जाते, आणि पहिल्याच वळणावर गाडी पायाखालून निघते. म्हणून काम झाल्यावर इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून खाली टॉर्चने पाहावे, मग गल्लीत एक चक्कर मारून पुन्हा पाहावे, आणि तोवर हायवेवर जाऊ नये. ऑइलची पातळी गाडी सरळ उभी करून तपासावी. साइड स्टँडवर कललेली गाडी खोटी पातळी दाखवते.

चेनविषयी एकच पण कळकळीची सूचना. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडके लावू नका. वेळ वाचतो म्हणून अनेक जण असे करतात. फडके चेनबरोबर स्प्रॉकेटमध्ये ओढले जाते आणि बोटे त्याच्या मागे जातात. मागचे चाक स्टँडवर उचलावे, इंजिन बंद ठेवावे, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून चाक हाताने फिरवावे. घरात लहान मुले मदतीला येत असतील तर हा नियम दुप्पट कडक. तसेच चेन "टाइट हवी" ही आपली जुनी समजूत सोडावी. फार ताणलेली चेन मागचे सस्पेन्शन दबले की आणखी ताणते आणि गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टचे बेअरिंग खाते. ते बेअरिंग महाग असते, आणि दोष कोणाचा हे मेकॅनिकला चेनकडे पाहूनच कळते.

ब्रेकचे फ्लुइड साधारण दर २ वर्षांनी बदलायचे असते. एबीएस असलेल्या गाडीत त्यात हवा राहिली तर ब्रेकचा लिव्हर स्पंजासारखा होतो. ज्याने हे काम कोणाबरोबर उभे राहून शिकलेले नाही त्याने पन्नास-शंभर डॉलरसाठी ब्रेकवर प्रयोग करू नयेत. आणि टॅपेट तपासणे! अनेक आधुनिक इंजिनांत पूर्वीसारखा स्क्रू नसतो, लहान चकत्या असतात आणि त्या बदलायला कॅमशाफ्ट काढावा लागतो. पण बहुतेक मॉडेलांत हे काम इतक्या मैलांनंतर येते, की वर्षाला दोन-तीन हजार मैल चालवणाऱ्याची वॉरंटी तोवर केव्हाच संपलेली असते.

आता हिशेब मांडू. आकडे उदाहरणादाखल आहेत, आपापल्या गावचे दर घालून पाहावेत. समजा २ वर्षांची वॉरंटी आहे आणि डीलरचा दर तासाला १५० डॉलर आहे. पहिली सर्व्हिसिंग २ तास आणि ऑइल-फिल्टर ६० डॉलर, मिळून ३६०. पहिल्या वर्षाची दीड तास आणि ६०, मिळून २८५. दुसऱ्या वर्षाची ब्रेकच्या फ्लुइडसह २ तास आणि ७०, मिळून ३७०. सगळे डीलरकडे केल्यास १,०१५ डॉलर. आता पहिली सर्व्हिसिंग आणि ब्रेकचे काम डीलरकडे, बाकी घरी : ३६०, मग ऑइल-फिल्टरचे ६०, मग पुन्हा ६०, आणि ब्रेकचे १६०. एकूण ६४०. फरक ३७५ डॉलर. पण दोन टॉर्क रेंच, सॉकेट, मागचा स्टँड आणि ऑइलचे भांडे यांना २५० डॉलर धरा. म्हणजे वॉरंटीच्या दोन वर्षांत हातात उरतात जेमतेम १२५ डॉलर, आणि दोन शनिवारच्या सकाळी जातात.

हा आकडा पाहून काही जणांचा विरस होईल, पण तो लपवण्यात अर्थ नाही. वॉरंटीच्या काळात घरच्या सर्व्हिसिंगने फार पैसे वाचत नाहीत. ते वाचतात नंतर, दरवर्षी सव्वादोनशेच्या आसपास, कारण हत्यारे तीच राहतात. ज्यांना दोन वर्षांत गाडी विकायची आहे किंवा ज्यांच्या अपार्टमेंटमध्ये गाडीवर काम करायला बंदी आहे, त्यांनी सरळ डीलरकडे जावे. मधला मार्गही आहे : चांगला स्वतंत्र मेकॅनिक. त्याचा दर बहुधा कमी असतो, छापील बिल मिळते, आणि कायद्याच्या दृष्टीने तो चालतो.

गाडी घेताना डीलरच्या फायनान्सच्या खोलीत "एक्स्टेंडेड वॉरंटी" म्हणून जे विकतात त्याबद्दल सावध करतो. ती कंपनीची वॉरंटी नव्हे. तो वेगळे पैसे देऊन घेतलेला सेवा-करार असतो, आणि पुष्कळदा तिसऱ्याच कंपनीचा. सर्व्हिसिंग कुठे करायची, कोणती बिले दाखवायची, याच्या अटी त्यात स्वतंत्र असतात. वर सांगितलेले सगळे त्याला जसेच्या तसे लागू पडेल असे धरू नये. सही करण्यापूर्वी तो कागद घरी नेऊन वाचतो म्हणावे. नेऊ देत नसतील तर घेऊ नये.

दावा नाकारला गेलाच तर क्रम असा ठेवावा : लेखी कारण मागणे, कंपनीच्या ग्राहक विभागाकडे जाणे, शक्य तर दुसऱ्या अधिकृत डीलरकडे गाडी दाखवणे, मग राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक विभागात आणि फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार. कमिशन एकेकट्याचे भांडण सोडवत नाही, पण तक्रारी साचल्या की २०२२ सारखी कारवाई होते. शेवटी लहान दाव्यांचे न्यायालय आहे. तिथे वकील लागत नाही, नागरिकत्वही लागत नाही. आपल्यापैकी व्हिसावर असलेले अनेक जण तक्रार म्हटले की मागे सरतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

राहता राहिले जुने ऑइल. ते गटारात किंवा कचऱ्यात टाकू नये, तो गुन्हा ठरू शकतो. दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये झाकण घट्ट लावून सुट्या भागांच्या दुकानात नेले तर बहुतेक मोठी दुकाने ते फुकट घेतात. फिल्टर मात्र रात्रभर उलटा करून निथळू द्यावा.